मोरचुदाचं पाणी

माघातल्या त्या सकाळी मेंढरांच्या वाड्यातलं अकरावं कोकरू उठलं नाही. मल्हारीनं पोटाखाली हात घालून त्याला उभं केलं. पुढचे पाय टेकले, मागचे ओल्या चिंध्यांसारखे लोंबत राहिले, आणि कोकरू बसकण मारून ओरडायला लागलं. त्याची आई आली, तिनं एकदा हुंगलं आणि ती कळपात निघून गेली.

आधी दहा गेली होती. पाच अशीच पाय ओढून ओढून. पाच पोट नगाऱ्यासारखं फुगून, ढाळ लागून. मोठ्या मेंढ्या मरत नव्हत्या, पण त्यांचीही रया गेली होती. डोळ्यांतून पाणी गळायचं, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसायच्या. लोकरीचं तर विचारायलाच नको. मल्हारीची मेंढरं काळीभोर. त्यांच्या लोकरीची घोंगडी पैठणच्या बाजारात लोक हात फिरवूनच ओळखायचे. या साली कातरणीला तीच लोकर तांबूस निघाली, वळ गेलेली, घोड्याच्या शेपटीसारखी सरळ. ओढली की तुटायची.

मल्हारीला खात्री होती, हे कोणीतरी करतंय.

कोण, ते मात्र ठरत नव्हतं. आधी त्याला बांधाशेजारचा कडूबा वाटला. कडूबाच्या वावरात मेंढरं शिरली म्हणून दिवाळीत दोघांची जुंपली होती. मग मल्हारी आठ दिवस ओढ्याकाठी पाळत ठेवून बसला. पाण्याचा वास घेऊन बघितला, जिभेवर घेऊन बघितलं. चिखलात अनोळखी जोड्याचा ठसा दिसला तर त्याच्यावर टोपलं पालथं घालून बायकोला दाखवायला घेऊन आला. तो ठसा त्याच्याच जुन्या वहाणेचा निघाला.

"तुमी आता सोत्तावर पण पाळत ठेवा," वच्छलाबाई म्हणाली.

ती बाजाराला बिडकीनला गेली आणि दुपारी परत आली ती निरोप घेऊनच.

"दवाखान्यात नवा सलोतरी आलाय. उद्या येतो म्हणला."

निजामाच्या राज्यात जनावरांच्या डॉक्टरला सलोतरी म्हणायचे. राज्य जाऊन साडेपाच वर्षं झाली तरी शब्द तसाच होता. कंपाउंडरलाही लोक सलोतरीच म्हणत.

"काहून बोलावलंस? मला इचारलं का?"

"इचारलं असतं तर नाय म्हणले असते तुमी."

"कोण हाय त्यो?"

वच्छलाबाईनं डोक्यावरची पाटी उतरवली, पदरानं मान पुसली. "आपल्या शौकत मुलाण्याचा पोरगा, निजाम."

मल्हारी कुऱ्हाडीनं बाभळीच्या फांद्या तोडत होता. त्यानं कुऱ्हाड तशीच लाकडात रुतवून ठेवली आणि बायकोकडं बघत राहिला. तिनं नजर काढली नाही.

पोलीस ॲक्शनच्या साली, भादव्यात, फौजा औरंगाबादेत शिरल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शौकत मुलाणी भर दुपारी ओढ्याकाठच्या या सखल रानात, या खोलात आला होता. बरोबर बावीस मेंढ्या. रझाकारी चालू होती तेव्हा शौकत कधी कोणाच्या अध्यात नव्हता की मध्यात. पण वारं फिरलं की नावच पुरतं, हे त्याला कळत होतं. "मल्हारी, बायकापोरं घेऊन शहरात जातो," तो म्हणाला. "मेंढरं तुह्याजवळ ठेव. निवळलं की नेईन." मल्हारीनं ठेवून घेतली. त्या दिवसांत मुलाण्याची मेंढरं ठेवून घ्यायलाही छाती लागत होती, आणि ती त्यानं दाखवली. पण शौकत शहरात पोचलाच नाही. वाटेत गेला. कसा गेला, ते कोणी नीट सांगितलं नाही. बायको आणि पोरगा पोचले एवढं कळलं.

पहिले दोन महिने मल्हारी निरोप धाडायचं म्हणत होता. मग म्हणाला, कातरणी होऊ दे. मग म्हणाला, कोणाला ठावं असेल तर येईलच. कोणी आलं नाही. शौकतच्या मेंढरांच्या डाव्या कानाला टोकाशी खुणेचा दुहेरी काप असायचा. एके दिवशी मल्हारीनं ते कान कापासकट अर्धे उतरवले. त्या दिवसापासून त्यानं कळप लांब न्यायचं सोडलं. आधी तो दिवाळी झाली की वैजापूरच्या अंगाला उतरायचा, होळीला परतायचा. पण वाटेनं दुसरे धनगर भेटतात, कान बघतात, विचारतात. म्हणून साडेपाच वर्षं त्याची मेंढरं या एका खोलातच चरत होती. ओढ्याची ओल, तेच गवत, तीच वाट.

बाविसांतल्या नऊ मेंढ्या अजून जिवंत होत्या.

"तुला ठावं हाय ना सगळं?" तो म्हणाला.

"हाय म्हणूनच बोलावलं," वच्छलाबाई म्हणाली, आणि चुलीकडं गेली.

*

निजामुद्दीन सायकलवर आला, मागं पत्र्याची पेटी बांधून. तेवीस वर्षांचा असेल. मल्हारीनं त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा मिसरूड नुकतं फुटत होतं. बापासारखेच जाड खांदे, बापासारखंच चालताना जरा डावीकडं कलणं.

"ओळखलं का मल्हारीमामा?"

"व्हय... ओळखलं." याला अरे म्हणावं की अहो, ते मल्हारीला कळेना. "बसा."

"बसत नाय. आधी मेंढरं बघू."

तो वाड्यात शिरला आणि मल्हारी त्याच्या पाठीमागं सावलीसारखा चालायला लागला. निजामुद्दीन कोकरांची पोटं दाबत होता, शेपट्या उचलून बघत होता. लेंड्या काडीनं फोडून बघितल्या. आत शिजलेल्या भाताच्या शितांसारखे पांढरे दाणे होते. "हे कवापासून?" त्यानं विचारलं. मल्हारी म्हणाला, "ध्यान नाय." खरं तर दिवाळीपासून दिसत होते.

मग त्यानं बुटानं जमीन उकरली. "इथं किती सालं झाली मेंढरं बसवताय?"

"दोनएक."

"लेंड्यांचा थर तर पाच-सा सालांचा दिसतो."

पोरगं वर्षं मोजत होतं.

निजामुद्दीननं एक मोठी मेंढी धरली, तिचा ओठ उलटा करून हिरडी बघितली, डोळ्याची पापणी खाली ओढली, आणि मग तिचा डावा कान दोन बोटांत धरून उजेडाकडं करून बघत राहिला. आखूड, उतरवलेला कान. किती वेळ बघितलं असेल! मल्हारीला वाटलं, आता बोलेल. पण त्यानं कान सोडला, दुसरी मेंढी धरली, तिचाही कान बघितला. तिचा पुरा होता.

"रगत नाय अंगात," एवढंच म्हणाला.

सकाळी मेलेलं एक कोकरू कुंपणाबाहेर पडलं होतं. निजामुद्दीननं पेटीतून सुरी काढली, त्याचं पोट फाडलं, आतडं बोटांवर घेऊन उभं चिरलं. आतून परकराच्या नाडीसारखी पांढरी, चपटी फीत निघाली. तो ओढत गेला तशी ती निघतच राहिली. हात-दीड हात, दोन हात. एक संपली तर दुसरी. वच्छलाबाईनं तोंडाला पदर लावला.

"हे चपटे जंत," तो म्हणाला. "कोकरू लेंडी टाकतं, तिच्यातली अंडी मातीतला बारीक किडा खातो, किडा गवतासंगं परत कोकराच्या पोटात. एकाच रानात मेंढरं बसवली की हे असंच फिरत राहतं. पोट फुगतं ते यानं."

"अन् पाय?"

"पाय निराळं. ती दुसरी बिमारी. मेंढीला अंगाला तांब्याचा अंश लागतो, इलुसाच, पण लागतो. या गवतातून मिळंना झालाय. गाभण मेंढीला कमी पडला की कोकरू आतच लुळं होतं. लोकर तांबडी पडते ती पण त्यामुळंच." त्यानं हात धुतले. "रान बदलत असते तर दोन्ही झालं नसतं. काहून बदललं नाय मामा? तुमी तर वैजापूरकडं जायचे. अब्बा सांगायचे."

अब्बा सांगायचे! आणखी काय काय सांगितलं अब्बांनी?

"गुडघे दुखतेत," मल्हारी म्हणाला.

निजामुद्दीननं त्याच्या गुडघ्यांकडं बघितलं. "दवा आणतो चार दिवसांत. पण एक सांगतो, जी पाय ओढतेत ती नाय उठायची. पोटातली वाचतील."

तो गेल्यावर मल्हारी वच्छलाबाईला म्हणाला, "बघितलंस? आधीच सांगून ठेवलं मरतील म्हणून. आता मेली तर कोणी बोट नाय दाखवायचं."

"त्यो खरं बोलला. खरं बोलणाऱ्याचीच तुमाला भीती वाटती."

*

चौथ्या दिवशी निजामुद्दीन आला तेव्हा त्याच्या पेटीत दोन मोठ्या बाटल्या होत्या. आतलं पाणी बघून मल्हारी मागं सरकला. गर्द निळं, मोराच्या मानेसारखं.

"मोरचूद हाय हे," मल्हारी म्हणाला.

"व्हय."

मोरचूद मल्हारीला माहीत होता. ज्वारीच्या बियाण्याला काणीचा रोग लागू नये म्हणून चोळायचे. त्याच्या मावशीच्या गावात एका बाईनं तो खाऊन जीव दिला होता.

"मोरचूद म्हंजे तांबंच असतं," निजामुद्दीन सांगत होता. "जंत पण मरतेत अन् अंगात तांब्याचा अंश पण जातो. एका दवेत दोन्ही कामं. एक बाटली एका घागरभर पाण्यात. मग मोठीला हे माप भरून एक, कोकराला अर्धं." त्यानं पत्र्याचं एक लहान माप काढून दगडावर ठेवलं.

"दवा हाय ना?"

"व्हय की."

"मग तू पी आधी." तोंडातून अरेतुरे निघून गेलं. "घोटभर पी. मग पाजू."

वच्छलाबाई "अवो" म्हणून पुढं झाली. निजामुद्दीननं बाटलीचं बूच घट्ट केलं.

"मी नाय पिणार. जहर हाय."

"बघ! बघ, सोत्ताच म्हणतो!"

"जहरच हाय मामा. जास्त झालं तर मेंढरू आडवं होईल. मेंढीला तांबं लागतं पण सोसत नाय. म्हणून तर माप आणलंय, म्हणून तर मी आलोय. मी माह्या हातानं पाजतो."

"तुह्याच हातानं काहून? बाटली ठिव. मी पाजीन."

निजामुद्दीननं मल्हारीकडं बघितलं. हा माणूस आपल्याला एवढा का भितो, ते त्याला समजत नव्हतं. पण समोरच्या चेहऱ्यावरचा संशय त्याला नवा नव्हता. ॲक्शननंतरच्या पाच वर्षांत तो त्यानं पुष्कळ दारांत पाहिला होता. तो म्हणाला, "बरं. एक बाटली ठेवतो. एका घागरीत एक. वच्छलामामी, तुमी ध्यान ठेवा." आणि पेटी बांधून निघून गेला.

मल्हारीनं त्या दिवशी काही पाजलं नाही. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई सरपणाला गेली तेव्हा त्यानं बाटली उजेडात धरली. दवा असेल तर घागरभर पाणी कशाला? पाण्यात मिसळून लपवायची असेल. हळूहळू मारायची असतील, एका दिवसात नाही. पारखून बघावं. त्यानं कळपाकडं नजर फिरवली, आणि हात आपोआप आखूड कानाच्या मेंढीकडं गेला. मेलीच तर त्यांचीच मरू दे, असं त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं. त्यानं तिला मांडीत दाबून धरलं, जबडा उघडला आणि अर्धी बाटली पाणी न घालता तशीच ओतली.

दिवस कलता कलता मेंढी दात खायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेली.

मल्हारीला आधी मोकळं वाटलं. आपला अंदाज खरा निघाला याचं एक समाधान असतं, ते त्याला झालं. नेमका तेव्हाच बांधावरून कडूबा आला.

"काय झालं रं?"

"सलोतऱ्यानं दिल्ती दवा," मल्हारी म्हणाला. "पाजली अन् मेली."

एवढंच बोलला. कडूबानं मेंढीच्या तोंडाचा निळसर फेस बघितला, बाटली उचलून बघितली. "मुलाण्याचा पोरगा ना त्यो? मोरचूद पाजतो व्हय! बापाचा दावा काढाया आलाय." आणि बाटली घेऊनच तरातरा गेला. मल्हारीनं त्याला थांबवलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी बाजार होता. वच्छलाबाई तोंडली विकायला गेली होती ती बाजार अर्धवट टाकूनच परत आली. पाटी तशीच भरलेली, धाप लागलेली.

"काय सांगितलं तुमी कडूबाला?"

"काय नाय. मेंढी मेली एवढंच."

"वीस माणसं जमवलीत त्यानं दवाखान्याम्होरं. म्हणतो, मुलाण्याचं पोरगं गावोगाव जहर पाजत फिरतंय. एकाच्या हातात कुऱ्हाड हाय." ती खाली बसली. "बाटलीत किती व्हतं ते मला ठावं हाय. घागर कोरडी हाय, ते पण मी बघितलंय. तुमी जाता का मी जाऊन सांगू?"

मल्हारीनं डोक्याला पटका गुंडाळला. शौकत गेला तेव्हाही आधी कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगितलंच असेल. एवढंच, असं म्हणून.

तो निघाला. दीड कोसाची वाट त्यानं निम्मी पळत काढली. गुडघे खरंच दुखत होते.

दवाखाना म्हणजे एक खोली, तिच्यापुढं पत्र्याचं छप्पर, जनावरं बांधायला लाकडी चौकट. दारात सगीराबी उभी होती, शौकतची बायको. दोन्ही हातांनी दोन्हीकडची चौकट धरून. तिच्या मागं निजामुद्दीन बाहेर यायला बघत होता आणि ती त्याला येऊ देत नव्हती. समोर कडूबा बाटली वर धरून बोलत होता. शौकतचं घर रिकामं झालं तेव्हा त्या घराची सागवानी कवाडं कडूबानं काढून नेली होती. आज ती त्याच्याच घराला होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"आला बघा मल्हारी!" कडूबा ओरडला. "सांग रं सगळ्याला. मेली का नाय?"

"मेली," मल्हारी म्हणाला. त्याला दम लागला होता. त्यानं पुढं होऊन कडूबाच्या हातातली बाटली घेतली. "म्या मारली."

"काय बोलतो?"

"यानं सांगितलं व्हतं, घागरभर पाण्यात एक बाटली. माप दिलं व्हतं. सोत्ता पाजतो म्हणत व्हता, म्या पाजू दिलं नाय. म्या अर्धी बाटली तशीच वतली एकीच्या नरड्यात."

"काहून?"

"मरती का बघाया."

मागं कोणीतरी हसलं. कुऱ्हाडवाल्यानं कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली. कडूबा मात्र मागं हटेना. "आपली मेंढी कोण आपल्या हातानं मारल? घाबरवलंय याला कोणीतरी."

मल्हारीनं सगीराबीकडं बघितलं. तिनं चौकटीवरचे हात काढले नव्हते. इथपर्यंत सांगून परत जाता आलं असतं. पोरगं सुटलं होतं. पण कडूबाचा प्रश्न खरा होता, आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं.

"माही नव्हतीच ती," तो म्हणाला. "शौकतची व्हती. ॲक्शनच्या साली त्यानं बावीस मेंढरं माह्या हवाली केली, सांभाळ म्हणून. म्या परत दिली नाय. कान उतरवले त्यांचे. आज आठ हायेत. हा पोरगा वाड्यात आला तवापासून मला वाटत व्हतं, याला समजलंय अन् याचा डाव हाय. डाव कोणाचा नव्हता. शौकतच्या घरचं माह्याकडं जे हाय ते म्या सांगितलं. आता ज्याच्याकडं जे असल त्यानं त्याचं सांगावं."

त्या घरचं कोणाकडं भांडी होती, कोणाकडं आडाचा रहाट, कोणाकडं पत्रे. लोक एकमेकांकडं न बघता पांगायला लागले. कुऱ्हाडवाल्याला बैल बाजारात बांधल्याची आठवण झाली. कडूबा थुंकला आणि तोही गेला.

*

सगीराबी आत जाऊन बाजेवर बसली. निजामुद्दीननं मल्हारीला स्टूल सरकवलं, पण तो जमिनीवरच बसला.

"मला खरंच ठावं नव्हतं मामा," निजामुद्दीन म्हणाला. "मी कान बघत व्हतो ते रगतासाठी. अंगात रगत कमी झालं की कानाच्या शिरा दिसत नायत. मला वाटलं, कुत्र्यानं तोडले असतील."

मल्हारीनं डोकं धरलं. पाच वर्षं तो ज्याला भ्याला ते या पोराला ठाऊकच नव्हतं.

"मला ठावं व्हतं," सगीराबी म्हणाली.

दोघंही तिच्याकडं बघायला लागले. निजामुद्दीन म्हणाला, "अम्मी?"

"वाटेतच सांगितलं त्यांनी. मल्हारीकडं मेंढरं हायेत, याद ठेव." ती मल्हारीकडं न बघता बोलत होती. "तुला सांगितलं नाय बेटा, तू इथं नोकरीला आलास तवा पण नाय. तू मागाया गेला असता. मला बघायचं व्हतं, हा माणूस आपल्या पायांनी येतो का."

"सगीराबी, माही चूक..."

"मेंढरांचं सोडा भाऊ. मला दुसरंच इचारायचंय. साडेपाच सालं इचारायचंय." आता तिनं त्याच्याकडं बघितलं. "आमी कोणत्या वाटेनं जाणार, ते त्यांनी गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. तुमाला सांगितलं व्हतं. त्याच वाटेवर लोक उभे व्हते."

शौकतनं सांगितलं होतं, खरं होतं. ओढ्याच्या कडेनं निघून पहाटेपर्यंत चितेगावच्या पुढं जातो, म्हणाला होता. मल्हारीनं ते कोणालाही सांगितलं नव्हतं. वच्छलालासुद्धा.

"बिरोबाची आण," तो म्हणाला. "माह्या लेकराबाळांची आण. म्या कोणापाशी एक शब्द..."

"आण घेऊ नका. मेंढरांचं पण तुमी पाच सालं तोंडातून काढलं नाय. मग एवढंच खरं मी कशावरून धरू?"

तिचं बोलणं कुठूनही तोडता येत नव्हतं. मेंढरं दोन महिन्यांत परत दिली असती तर आज त्याच्या शब्दाला वजन असतं. ती ठेवून घेऊन त्यानं, नकळत, त्या दुसऱ्या गुन्ह्यावरही आपला अंगठा उठवला होता. असा गुन्हा जो त्यानं केला नव्हता, आणि केला नाही हे सिद्ध करायला आता जगात कोणी नव्हतं.

"नका धरू," शेवटी तो म्हणाला. "पण म्या सांगितलं नाय."

सगीराबी उठून कोपऱ्यातल्या माठाकडं पाणी प्यायला गेली. परत येताना तिनं मल्हारीलाही तांब्या दिला. तो पाणी प्यायला. मेंढरांचं कसं करायचं ते तिनंच सांगितलं: धडधाकट चार बिडकीनला आणून बांधायची, चार बरी होईतो खोलातच राहतील, निजाम येऊन बघेल.

तिसऱ्या दिवशी निजामुद्दीन वस्तीवर आला. त्यानं घागर भरून घेतली, दुसरी बाटली तिच्यात ओतली. पाणी फिकं आभाळी झालं. वच्छलाबाई एकेक मेंढी आणत होती, मल्हारी जबडा धरत होता, निजामुद्दीन माप भरून सावकाश ओतत होता आणि प्रत्येक वेळी थांबून बघत होता, ठसका लागत नाही ना. एकशे सात मेंढरांना दुपार झाली. दोन दिवसांत कोकरांच्या लेंड्यांतून त्या पांढऱ्या फिती तुकड्या-तुकड्यांनी पडल्या. तो म्हणाला होता तसंच झालं: पाय ओढणाऱ्या तिघांपैकी एकही उठलं नाही. बाकीची सावरली.

होळी झाल्यावर मल्हारीनं खोल सोडला. कळप घेऊन तो वैजापूरच्या वाटेला लागला. वाटेत नेवाशाकडचे धनगर भेटले. त्यांनी आखूड कानांबद्दल विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच, आणि ते ऐकून त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं त्याच्या हातची तंबाखू घेतली नाही. मल्हारीनं चंची परत कमरेला खोचली. पुढच्या मुक्कामाला पुन्हा कोणी विचारलं, तेव्हा पुन्हा सांगितलं.

पुढच्या मार्गशीर्षात मेंढ्या व्याल्या. निजामुद्दीन बघायला आला तेव्हा परतून नव्या रानात बसवलेल्या वाड्यात चाळीसेक कोकरं चारी पायांवर उड्या मारत होती, कोळशासारखी काळी. शौकतच्या चार मेंढ्यांना झालेली पाच वच्छलाबाईनं वेगळी बांधली होती. निजामुद्दीननं त्यांची पोटं दाबली, शेपट्या उचलल्या. मल्हारी या वेळी त्याच्या मागं मागं फिरला नाही. कुंपणाशी उभा राहून बघत होता.

"सगीराबी काय म्हणतेत?" त्यानं विचारलं.

"बरी हाय. तिच्या चार मेंढ्यांत रमलीये."

"माह्याबद्दल काय बोलल्या?"

निजामुद्दीननं एका कोकराचे मागचे पाय हातात धरून ताणून बघितले. कोकरानं जोरात लाथ झाडली.

"नाय बोलत मामा. मी पण इचारत नाय." त्यानं कोकरू सोडून दिलं. "ते दुसरं धरा जरा. त्याचं पोट मला मोठं वाटतंय."

मल्हारी कुंपण ओलांडून आत गेला आणि त्यानं कोकरू धरलं.